समोरचं झाकण

'तरी त्याच्या कामावर विसंबून राहणे' एवढं टाइप झालं आणि कॉम्प्युटर बंद पडला. बंद पडला म्हणजे काही कुरकुर नाही, सूचना नाही, पडदा एकदम काळा. पंख्याची घरघर उतरत उतरत थांबली आणि खोलीत इतकं शांत झालं, की स्वयंपाकघरातला नळ ऐकू यायला लागला. रजेचा दिवस होता, दुपारचे बारा वाजून गेले होते. काळ्या पडद्यात त्याला आपलाच चेहरा दिसला. तोंड किंचित उघडं, भुवया वर चढलेल्या. तो चेहरा त्याला मुळीच आवडला नाही. त्याने बटण दाबलं. यंत्र सुरू झालं, चार मिनिटं नीट चाललं आणि पुन्हा गेलं. कॅबिनेटच्या पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसला. एवढंच बाकी होतं, तो मनाशी म्हणाला. ज्याच्या कामाबद्दल लिहितोय, त्यानेच जोडून दिलेलं हे यंत्र, आणि नेमकं आजच. पण खरं सांगायचं तर त्याला रागापेक्षा समाधानच जास्त वाटलं होतं. पुरावा आपल्या पायांनी चालत घरी आला होता, मग बरं वाटणारच.

तो लिफ्टचा तपासनीस होता. सव्वीस वर्षं इमारतींच्या माथ्यावरच्या खोल्यांत वाकून दोर, ब्रेक, दरवाजे तपासायचे आणि अहवाल लिहायचा, हे त्याचं काम. दोष सापडला नाही, असा अहवाल त्याने आजवर एकदाही दिला नव्हता. काहीच नसेल तर दिव्याचा प्रकाश अपुरा, निदान एवढं तरी तो लिहायचाच, आणि त्याचा त्याला अभिमान होता. काल साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. "आपले कॉम्प्युटर सांभाळायला कायमचा माणूस घ्यायचाय. तुमच्या धाकट्या भावाचा अर्ज आलाय. सख्खा भाऊ आहे, तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दोन ओळी लिहून पाठवा, उद्या पाचपर्यंत. तुम्ही हो म्हणालात तर सोमवारपासून येऊ दे. नाही म्हणालात तर विषय संपला." धाकटा आता एका गोदामात खोकी उचलत होता. पूर्वी त्याचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आणि कंपनीतली निम्मी माणसं आपली यंत्रं त्याच्याकडेच न्यायची. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत हाच मोठा सगळ्यांसमोर बोलला होता, "माझं यंत्र तीनदा केलं त्याने, तीनदा बिघडलं." खोटं काय होतं त्यात? पण सख्खा भाऊच असं म्हणतो म्हटल्यावर लोकांनी दुसरीकडे जायला सुरुवात केली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत दुकानाचं शटर खाली आलं. धाकट्याची पाठ हल्ली दुखते, असं बायकोने मागे सांगितलं होतं. तेव्हा तो वर्तमानपत्र वाचत होता, आणि वाचतच राहिला होता.

यंत्र का तापलं ते कळायला त्याला दोन मिनिटं लागली. दीड वर्षं तो कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढून ठेवत असे आणि उघड्या पोटासमोर टेबलफॅन लावत असे. तसं केलं की निमूट चालायचं. आज पत्रा जागच्या जागी बसला होता आणि फॅन गायब होता. तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. फॅन ओट्यावर होता आणि बायको त्याच्याकडे पाठ करून भांडी विसळत होती. "हा इथे कुणी आणला?" त्याने विचारलं. "आला असेल चालत," बायको म्हणाली. "आणि पत्राही मीच लावलाय. आत कोळिष्टकं धरली होती." "अगं, तो उघडा ठेवायचा असतो. किती वेळा सांगायचं?" "दीड वर्षं ऐकतेय. यंत्राला घाम आला की घर डोक्यावर घेता, माणसाला आलेला दिसत नाही. माझी भांडी होईपर्यंत थांबा, मग न्या." एरवी त्याने फॅन उचलूनच नेला असता. पण आज त्याला वाटलं, नकोच. फॅन म्हणजे ठिगळ. लिहायचंच आहे तर मोघम कशाला? उघडून बघू, नेमका दोष शोधू आणि दोष दाखवूनच लिहू. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्याने पेचकस, ब्रश, चष्मा आणि जुनं वर्तमानपत्र घेतलं आणि जमिनीवर बैठक मारली.

आधी त्याने यंत्र सुरू करून सुरुवातीच्या पडद्यावरच तपमान पाहिलं. प्रोसेसर त्र्याण्णव अंश. यंत्राचा मेंदू म्हणजे हा प्रोसेसर, टपालाच्या तिकिटाहून जरासा मोठा चौकोन, आणि उकळी यायला सातच अंश कमी. आकडा त्याने कागदावर टिपला, तारीख टाकली. मग वायर काढली, पत्रा उघडला. आत तारांचं जंजाळ असणार, अशी त्याची खात्री होती. दुकानदारांचं काम वरून रंगरंगोटी आणि आत गोंधळ, हे त्याने शेकडो लिफ्टमध्ये पाहिलं होतं. तारा नीट होत्या. नुसत्या नीट नाही, चार चार एकत्र घेऊन बांधलेल्या, गाठींची टोकं कापलेली, म्हणजे हात घालणाऱ्याला टोचू नयेत. पंख्याच्या वाटेत एकही तार नव्हती. दीड वर्षं हे पोट उघडं होतं, त्याच्यासमोर, आणि त्याने एकदाही आत पाहिलं नव्हतं. त्याने स्क्रू मोजले. सगळे होते. पंखा बोटाने फिरवून पाहिला, तो लोण्यासारखा फिरला. धूळ होती, ती त्याने ब्रशने काढली. मग प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पट्ट्यांचा कूलर सोडवायला घेतला, कारण त्याचा खरा संशय तिथे होता. कूलर आणि प्रोसेसर यांच्यामध्ये करडी पेस्ट लावतात. ती कमी पडली, जास्त झाली किंवा वाळली, की उष्णता आतच कोंडते. धाकट्याने इथेच अंग राखलं असणार. कूलर जरा फिरवून उचलला तर खाली पेस्टचा थर पातळ, सारखा, कडेपासून कडेपर्यंत, कुठे ओघळ नाही की कुठे उघडा धातू नाही. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. असं काम आपल्या हातून झालं असतं का?

दोष असणारच. यंत्र तापतं म्हणजे दोष आहे, आणि यंत्र धाकट्याने जोडलं म्हणजे दोष त्याचा. यात न पटण्यासारखं काय आहे? जुनी पेस्ट पुसून त्याने नवी लावली, कूलर बसवला, पत्रा लावला, यंत्र सुरू केलं. दहा मिनिटांत एक्याण्णव. आकडा टिपताना पेन्सिलीचं टोक मोडलं. दीड वाजला होता. बायको दारात येऊन उभी राहिली. "जेवून घ्या." "भूक नाही." "साप साप म्हणून भुई धोपटताय," ती म्हणाली आणि गेली. तिच्या बोलण्यात नेहमीची थट्टा नव्हती, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. त्याचं डोकं त्या वेळी मागे गेलं होतं, दीड वर्षापूर्वीच्या संध्याकाळकडे, जिचा एक तुकडा तो आज पत्रात वापरणार होता. यंत्र नवीन होतं. पहिल्यांदा तापलं तेव्हा धाकटा येऊन साफ करून गेला. म्हणाला, "धूळ फार बसते इथे, दादा. धुळीनंच तापतंय. आई, झाडताना जरा इकडे लक्ष देत जा." तो सहज बोलला होता. आई तेव्हा त्यांच्याकडेच राहायची. तिने मान हलवली होती आणि पदराने कॅबिनेटचा वरचा पत्रा तेव्हाच पुसून घेतला होता. महिन्याभराने यंत्र पुन्हा तापलं, आधीपेक्षा जास्त. धाकट्याने पंखा बदलला, पेस्ट बदलली. म्हणाला, "या वेळी धूळ नाहीये, आश्चर्य आहे." आईला ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं होतं. आणि तिसऱ्यांदा तापलं ते असं, की पाच मिनिटं चालेना.

त्या तिसऱ्या संध्याकाळी तो ऑफिसातून आला, तेव्हा धाकटा जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. कॅबिनेटचं समोरचं प्लास्टिकचं झाकण त्याच्या हातात होतं. दिवस वाईट गेला होता. एका इमारतीत त्याच्या अहवालावरून वाद झाला होता आणि साहेबांनी वाद करणाऱ्याचं ऐकलं होतं. आल्या आल्या त्याने बूटही काढले नाहीत. "परत? तिसऱ्यांदा? अरे, शेजारच्या दुकानातून आणलं असतं तर दहा वर्षं चाललं असतं. तुझ्या हाताला यशच नाही. दुकान कसलं चालवतोस, लोकांना फसवायचे धंदे." तो बोलतच राहिला होता. आपण काय काय बोललो ते सगळं त्याला आज आठवेना, आवाज मात्र आठवत होता, भिंतीला लागून परत येणारा. धाकटा वर बघत नव्हता. एकदाच त्याने मान वर केली, पण मोठ्याकडे नाही, दाराकडे. दारात आई होती. तिने चौकटीला हात धरला होता. ती एक पाऊल पुढे आली आणि पुन्हा मागे गेली. धाकट्याने झाकण जागेवर लावलं, टक टक टक असे खटके बसवले आणि म्हणाला, "माझंच चुकलं, दादा." हेच वाक्य तो पत्रात घालणार होता. त्याने स्वतःच कबूल केलं होतं. जाता जाता जिन्यात थांबून धाकटा एवढंच म्हणाला होता, "कधी वेळ मिळाला तर समोरचं झाकण काढून बघ. एकटा असशील तेव्हा." याला त्याचं उत्तर होतं, "मला शिकवू नकोस." आठ दिवसांनी आईने पिशवी भरली. थोडे दिवस धाकट्याकडे राहते म्हणाली. थोड्या दिवसांचं दीड वर्ष झालं. लाडका तो, मी आपला कमावणारा, असं मनात धरून त्यानेही तिला कधी परत ये म्हटलं नाही.

एकटा असशील तेव्हा. हे शब्द त्याने दीड वर्षात कधी वळून ऐकले नव्हते. आता ते ऐकू आले आणि त्याला खोलीत बसवेना. त्याने उठून दार लोटलं, का ते त्यालाच कळलं नाही. मग कॅबिनेटचं तोंड आपल्याकडे वळवलं. या समोरच्या झाकणातूनच हवा आत जाते, बारीक बारीक भोकांच्या जाळीतून. हे त्याला ठाऊक होतं, पण बाहेरून जाळी काळी दिसायची आणि काळीच असायला हवी, म्हणून त्याने कधी बोट लावून पाहिलं नव्हतं. खालच्या खाचेत बोटं घालून त्याने झाकण ओढलं. खटके सुटले. झाकण हातात आलं आणि त्याने ते उलटं केलं.

आतून कापड शिवलेलं होतं. दुहेरी. जाळीवर चिकटवलेलं किंवा कोंबलेलं नाही, शिवलेलं, जाळीच्या भोकांतून दोरा घालून, चारही बाजूंनी कडा दुमडून. आतलं कापड करड्या रंगाचं, एकपदरी. त्यावर दुसरं, जाड, बारीक निळ्या फुलांचं. ते आईच्या उशीच्या अभ्र्याचं होतं. टाके बघायची गरज नव्हती, तरी त्याने पाहिले. चार धावते टाके आणि पाचवा उलटा, म्हणजे एक तुटला तरी शिवण उसवत नाही. आईने तीस वर्षं रुग्णालयात चादरी शिवल्या होत्या आणि तिच्या हातची कुठलीच गोष्ट कधी उसवली नव्हती. त्याच्या शाळेच्या दप्तरावर हेच टाके होते. धुळीनंच तापतंय, असं धाकटा म्हणाला, आणि आईने ते आपल्यावर घेतलं. तिने धूळ अडवली. यंत्र आणखी तापलं तेव्हा तिला वाटलं असणार, एक पदर पुरला नाही. मग तिने दुसरा शिवला. ते कधी शिवलं, कसं शिवलं? तो ऑफिसात असताना, भरदुपारी, असंच जमिनीवर बसून, झाकण मांडीवर घेऊन, सुई भोकातून पलीकडे काढायला सत्तर वर्षांची नजर ताणून. मोठ्याचं यंत्र बिघडू नये म्हणून. आणि त्या संध्याकाळी धाकट्याच्या हातात झाकण पाहून तिला समजलं होतं, की बिघाड म्हणजे आपलं कापड. ते सांगायला ती एक पाऊल पुढे आली होती.

पुढचं पाऊल तिने का टाकलं नाही? तो झाकण मांडीवर घेऊन बसला आणि हा प्रश्न त्याने तीन चार वेळा टाळला. तिसऱ्यांदा टाळताना त्याला वडील आठवले. वडिलांचा घरात दरारा होता. ते यायच्या वेळी दोघे भाऊ पुस्तकं उघडून बसायचे. एकदा धाकट्याने त्यांच्या घड्याळाची काच फोडली. आईने काचा फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवल्या, आणि वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाली, माझ्या हातून पडलं. वडील तिला खूप बोलले. ते बोलत असताना ती दाराच्या चौकटीला हात धरून उभी होती. मोठा, नऊ वर्षांचा, पुस्तकाच्या आडून बघत होता, आणि मनात म्हणत होता की मी मोठा झाल्यावर असा होणार नाही. तो झालाही नव्हता, असं तो समजून चालला होता. त्याने कधी कुणावर हात उगारला नाही. घरात काही कमी पडू दिलं नाही. आईला औषधं वेळेवर आणली. पण ती चौकट, तो हात. तोच हात त्याने दीड वर्षापूर्वी पाहिला होता आणि ओळखला नव्हता. कारण या खेपेला तो पुस्तकाच्या आड नव्हता. आई त्याला घाबरत होती. ती धाकट्याच्या मायेपोटी गेली नव्हती, ती या घरात भीत होती म्हणून गेली होती. आणि धाकट्याने हे ओळखून आळ स्वतःवर घेतला. त्यापायी दुकान गेलं, पाठ गेली, तरी तोंडातून अक्षर काढलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरीच झाली नव्हती.

दार ढकलून बायको आत आली. त्याच्या मांडीवरचं झाकण तिने पाहिलं आणि ती दचकली नाही. "तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "दुसरं कापड शिवताना पाहिलं होतं मी. सुई मीच ओवून दिली. नंतर कळलं काय झालं ते." "मग मला सांगितलं का नाहीस?" "तुम्हाला?" एवढंच ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच प्रश्न पडला होता. मग तिने कपाटातून छोटी कात्री काढून त्याच्या गुडघ्याजवळ ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन टेबलफॅन आणून दिला. तो त्याने लावला नाही.

टाके कापायला त्याला पाऊण तास लागला. एक तुटला तरी पुढचा सुटत नव्हता, प्रत्येक वेगळा कापावा लागत होता. करड्या कापडाच्या जाळीकडच्या बाजूवर हवेने खेचलेली धूळ बसली होती आणि त्या धुळीच्या थरात जाळीची भोकं उमटली होती. कापड त्याने झटकलं नाही, तसंच घडी करून टेबलावर ठेवलं. झाकण लावलं, पत्रा लावला, यंत्र सुरू केलं. दहा मिनिटांनी बेचाळीस अंश. अर्ध्या तासाने चव्वेचाळीस. पंखा इतका हळू फिरत होता की ऐकू येत नव्हता. यंत्र पहिल्या दिवसापासून असंच चालायला हवं होतं.

चार वाजता तो पत्र लिहायला बसला. अर्धवट राहिलेलं वाक्य यंत्राने जपून ठेवलं होतं, तसंच, 'विसंबून राहणे' पर्यंत. ते त्याने पुसलं. मग लिहिलं की या माणसाचं काम मी आज स्वतः उघडून, एकेक भाग सोडवून तपासलं आणि मला ते निर्दोष आढळलं. मागे कचेरीत मी याच्याविरुद्ध बोललो होतो, ते न तपासता बोललो होतो. बिघाड माझ्या घरातला होता, त्याच्या कामातला नव्हता. शेवटच्या वाक्याशी तो बराच वेळ अडला. बिघाड कुणाचा, असं साहेब विचारतील. विचारू देत. पावणेपाचला त्याने पत्र पाठवलं. मोकळं वाटेल अशी त्याची अपेक्षा होती, तसं काही झालं नाही. पत्राने धाकट्याला नोकरी मिळेल. उरलेलं पत्राने होणारं नव्हतं.

मग त्याने फोन उचलला. धाकट्याकडे करायचा म्हणून बोटांनी धाकट्याच्या घरचा नंबर दाबला, आणि धाकटा या वेळी गोदामात असतो, हे त्याला घंटा वाजायला लागल्यावर आठवलं. ठेवून द्यावा असं वाटलं. त्याने ठेवला नाही. पाच सहा घंटा झाल्या. "कोण?" पलीकडून आईचा आवाज आला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं. कापड सापडलं, एवढं म्हणायचं. रागावलो नाही म्हणायचं. ये म्हणायचं. "आई, मी बोलतोय," तो म्हणाला. पलीकडून घाईघाईने, एका दमात, "काय रे? काही चुकलं का माझं?"

"नाही," तो म्हणाला. पण ते इतकं मोठ्याने निघालं की स्वयंपाकघरातली भांडी थांबली. "बरं बरं," आई लगेच म्हणाली, "नाही तर नाही. ठेवते मग." "ठेवू नकोस," तो म्हणाला, आवाज जमेल तेवढा खाली आणून. तिने ठेवला नाही. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. तो पुढे काय म्हणतो याची ती वाट बघत होती.